हळू वाजणारा स्पीकर

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज कामावर जोडीदाराची हाक मला ऐकू आली नाही.

मी लिफ्टच्या खड्ड्यात बसून ग्रीस पुसत होतो. तो वर, लिफ्टच्या टपावर. वरून ओरडला, "खाली घेतोय, घेऊ का?" नियम असा, की खालच्याने 'घे' म्हटल्याशिवाय हलवायची नाही. त्याला माझं "हं" ऐकू आलं. मी हं म्हटलंच नव्हतं — गुणगुणत होतो! शनिवारच्या कार्यक्रमातलं गाणं डोक्यात घोळत होतं.

अंगावर सावली पडली तेव्हा वर पाहिलं. लाल बटण हाताशी होतं, दाबलं. लिफ्ट थांबली. कुणाला काही झालं नाही. शिवाय मध्ये जागाही बरीच होती.

पण तो जिन्याने धावत खाली आला तेव्हा पांढराफटक पडला होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नुसता म्हणाला, "दादा, कान दाखवून घ्या."

हिला सांगितलं नाही. उगाच जिवाला घोर.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सांगावंच लागलं. ही लॅबमध्ये रक्त घ्यायच्या कामावर असते — दिवसभर लोक हिच्यासमोर बाही वर करून बसतात आणि नको ते सगळं बोलून टाकतात. माझीही तीच गत. चहाचा कप हातात दिला आणि समोर बसली. मी बोलून मोकळा.

वाटलं होतं घाबरेल. म्हणाली, "डाव्या कानात तुमच्या शिट्टी वाजते ना? झोपेत उशी कानावर ओढून घेता. मला वाटायचं, माझ्या घोरण्याचा त्रास होतो म्हणून."

इतके दिवस ही बिचारी त्या भीतीने कुशीवर झोपत होती म्हणे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

कानाच्या डॉक्टरीणबाई. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर डबे चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी अगदी मन लावून दाबत होतो. बाहेर आल्यावर त्यांनी कागद दाखवला. रेघ आधी सरळ चालते आणि मग जिना उतरावा तशी खाली जाते.

"बारीक, वरचे सूर गेलेत. दुरून हाक मारली की शब्दांच्या कडा ऐकू यायच्या नाहीत. गेलेलं परत यायचं नाही. राहिलंय ते जपायचं."

"आणि शिट्टी?"

"ती राहील. जमवून घ्या तिच्याशी."

मग विचारलं, कामाव्यतिरिक्त काय करता? सांगितलं — आमची ऑर्केस्ट्राची पार्टी आहे. शनिवारी हॉलमध्ये कार्यक्रम असतात. मी इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. उभा कुठे राहता? म्हटलं, ड्रमच्या शेजारी. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

मी विचारलं. "गिटार सोडायची का?"

"गिटार कशाला सोडताय? ड्रम सोडा. हॉल सोडा. घरी वाजवा, हळू. आणि माप सांगते — तुम्ही वाजवत असताना शेजारचा माणूस साध्या आवाजात बोलला, तर तो काय म्हणाला ते कळलं पाहिजे. हेडफोन सध्या नको."

बाहेर बाकावर ही पर्स मांडीवर घेऊन बसली होती. म्हटलं, गिटार राहिली. म्हणाली, "आणि कान?" — तेही थोडे राहिले.

कामासाठी वॉकी-टॉकी घ्यायचे ठरले. साहेबांनी लगेच हो म्हटलं. अपघात झाला असता तर सही त्यांची लागली असती.

रविवार, ९ फेब्रुवारी

भूकंपला सांगून आलो. भूकंप म्हणजे आमचा ड्रमवाला. आईवडिलांनी दिलेलं नाव त्याच्या घरातसुद्धा कुणी घेत नाही. पार्टी त्यानेच उभी केली. मी पहिल्यापासून त्याच्या उजव्या हाताला उभा. म्हणजे माझा जो कान गेला, तो त्याच्याच बाजूचा.

हे त्याला बोललो नाही. त्याने स्वतःच हिशेब लावला. मग म्हणाला, "मी काय, हळू वाजवू शकतो."

आम्ही दोघंही हसलो. भूकंप आणि हळू!

आमच्यात बँकेतला एक जण आहे, कधीमधी बदली म्हणून यायचा. तो आता कायमचा गिटारवर. बरा वाजवतो.

बुधवार, १२ फेब्रुवारी

वायर न जोडता नुसतीच गिटार वाजवली. पत्र्यावरून मुंगी चालल्यासारखा आवाज. तोही उजव्या कानालाच.

शनिवार, १५ फेब्रुवारी

लग्नानंतरचा पहिलाच शनिवार असेल, की मी घरी आणि तब्येत ठणठणीत. संध्याकाळी करायचं काय तेच कळेना. पंखा पुसला. बेसिनचा नळ आवळला. हिच्या मागे मागे स्वयंपाकघरात फिरलो. शेवटी म्हणाली, "अहो, एका जागी बसा, मला पायात येताय."

मग मोठा ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारा खोका, लावला. हा कार्यक्रमापुरता बाहेर जातो, एरवी आमच्या बैठकीच्या खोलीत इतकी वर्षं आहे, की हिने त्यावर टेबलक्लॉथ घालून फुलदाणी ठेवलीय. पाहुणे त्यावर कप ठेवतात. फुलदाणी उचलली, बटण अगदी केसभर फिरवलं. काही नाही. आणखी केसभर — खिडकीची काच थरथरली. मधलं काही नाहीच. म्हणजे गप्प, नाहीतर बोंब. केसभर मागे आणून तिथेच थोपवलं, तर आवाज मेलेला — थंड चहासारखा. हा ॲम्प जोरात गरम झाला की काय बोलतो, ते मला माहीत आहे. हळू त्याला येतच नाही.

फुलदाणी परत ठेवली.

रविवार, १६ फेब्रुवारी

मुलाने मागे दिलेला मोबाइलचा स्पीकर आहे, बिनतारी. गिटार फोनला जोडायची छोटी डबी मिळते, ती आणली. मोठ्या हौशीने सगळं जोडलं.

मी तार छेडतो. मग स्पीकर विचार करतो. मग वाजतो! हात पुढच्या सुरावर, कान मागच्या सुरावर. दोन ओळींत मीच अडखळून पडलो. गाणी ऐकायला छान आहे. ही आता त्यावर बातम्या लावते.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

जुन्या म्युझिक सिस्टिमच्या पेट्या माळ्यावरून काढल्या. त्यांना गिटार जोडली. डास! बाटलीत कोंडलेला डास! मुलाला फोन केला, तो दूर नोकरीला असतो आणि इंटरनेटवर सगळं वाचत असतो. म्हणाला, "बाबा, गिटारच्या स्पीकरला बारीक आवाज काढताच येत नाहीत. तो ते गिळून टाकतो, म्हणून गिटार गोड लागते. गाण्याच्या पेट्या सगळं खरं खरं सांगतात. मध्ये एक यंत्र लावावं लागतं, मोठ्या स्पीकरची नक्कल करणारं."

म्हणजे इतकी वर्षं लोकांनी मला गोड मानलं, ते गिळणाऱ्याच्या जिवावर.

शनिवार, २२ फेब्रुवारी

मोठ्या रस्त्यावरच्या वाद्यांच्या दुकानात गेलो. चकचकीत. भिंतभर ॲम्प, लहान ते दाराएवढे. विक्रेता टाय लावून. म्हटलं, घरात हळू वाजवायला काहीतरी दाखवा, खिशाला झेपेल असं.

"हळू तर सगळेच वाजतात, सर."

नाही वाजत. पण त्याला कोण सांगणार. त्याने एक लहानसा खोका काढला, आणि दाखवायला म्हणून बटण अर्ध्यावर नेऊन स्वतःच असा काही वाजवला, की बासऱ्या बघणारी एक बाई दचकून बाहेर गेली. माझ्या कानातली शिट्टी उठून बसली.

"ताकद बघा, सर!"

"ताकद नको. कमी करून दाखवा."

कमी केला. डब्यात तोंड घालून बोलावं तसा. अजून कमी केला तर तोही नाही. "याहून हळू?" विचारलं, तर हसला. "मग सर, वाजवायचं कशाला?"

रागही आला नाही. तरुण आहे, कान शाबूत आहेत. पण दुकानातून घरी येईपर्यंत मनातून खचलो.

बुधवार, २६ फेब्रुवारी

भूकंप आला. येताना हिच्यासाठी द्राक्षं. म्हणजे काम आहे.

बँकेतला स्कूटरवरून पडला. हात प्लास्टरमध्ये. आठ तारखेला मोठा कार्यक्रम — नव्या सभागृहाचं उद्घाटन, पार्टीला इतकं मोठं काम पूर्वी मिळालंच नव्हतं. "एकदाच ये. कानात बोळे घाल. तुला माझ्यापासून लांब उभा करतो. पार त्या टोकाला. एकदाच."

मी हिच्याकडे बघितलं. ही द्राक्षं धूत होती. पाठमोरीच.

"येतो," म्हटलं.

त्याने माझ्या पाठीवर थाप मारली ती अजून दुखतेय.

भूकंप गेल्यावर वाट बघत होतो, ही काही बोलेल. हिने कपाटातून माझा काळा शर्ट काढला आणि बटणं तपासायला लागली. एक सैल होतं, ते लावून दिलं. भांडली असती तर मीही भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

शनिवार, १ मार्च

तालीम. कानात फोमचे बोळे. टोकाला उभा.

काय सांगू — मजा आली. पहिल्या गाण्याला सगळे एकदम आत शिरलो तेव्हा पायातून वर आलं काहीतरी. भूकंप लांबून माझ्याकडे बघून हसत होता. घरून नेलेला मोठा ॲम्प गरम होऊन बोलायला लागला. बोळ्यांनी मला स्वतःचं नीट कळेना, म्हणून मधल्या वेळात डावा बोळा काढला. दोन गाण्यांपुरता.

दोन गाण्यांपुरताच.

रविवार, २ मार्च

शिट्टी नाही, आता कुकर आहे. ही बोलते ते तिच्या तोंडाकडे बघून कळतं.

सोमवार, ३ मार्च

वॉकी-टॉकी असूनही जोडीदाराला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी म्हणाला, "दादा, एक बोलू? राग मानू नका."

"बोल."

"शनिवारी वाजवलंत ना?"

मी मान हलवली.

"तुम्ही वाजवा. तुमचा शौक आहे, मी कोण अडवणार. पण मग मी साहेबांना सांगून माझी जोडी बदलून घेतो. खाली तुम्ही असलात की माझा हात बटणावर जात नाही. तुमच्याकडूनच काम शिकलोय, म्हणून तोंडावर सांगतोय."

मग डबा उघडला, आणि रोजच्यासारखी त्यातली अर्धी भाजी माझ्या डब्यात घातली. मी माझा डबा तसाच बंद केला. त्याने मात्र सगळं संपवलं.

मंगळवार, ४ मार्च

भूकंपला फोन केला. नाही जमणार म्हटलं. आधी त्याला वाटलं थट्टा करतोय. मग वाटलं ताप आहे. मग कळलं.

"चार दिवस राहिलेत. आत्ता सांगतोस?"

"चूक झाली. आधी हो म्हणायला नको होतं."

"चूक!" म्हणाला, आणि फोन ठेवला.

हिने काळा शर्ट हँगरवरून काढला, घडी घातली. कपाट बंद केलं. मग माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मला हो-नाही काही म्हणायचं नव्हतं. तुमचे कान तुमचे. पण आता सांगते, फार बरं वाटलं." आवाज जरा कापरा होता. तेवढंही माझ्या उजव्या कानाला कळलं.

कानाला खडा. यापुढे नाही म्हणजे नाही.

शनिवार, ८ मार्च

कार्यक्रम आज. त्यांना दुसऱ्या पार्टीतला कुणी मिळाला असं कळलं. आम्ही दोघं तळ्याकाठी फिरायला गेलो. ही भराभर चालते, हे मला माहीतच नव्हतं. मला धाप लागली. बाकावर बसून लोकांची कुत्री बघितली. ही एका केसाळ कुत्र्याला बघून म्हणाली, हा अगदी तुमच्या साहेबांसारखा दिसतो. आणि दिसत होता.

भूकंपची आठवण आली. पण रडायला वगैरे आलं नाही.

रविवार, ९ मार्च

मोठा ॲम्प विकला. शाळेतल्या संगीत शिक्षकांनी घेतला, त्यांच्या सभागृहाला हवा होता. माणसं बरी आहेत, वापरतील, जपतील. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही — माझं नशीब! दोघांनी मिळून जिन्याने उतरवला. प्रत्येक वळणावर शिक्षक म्हणायचे, "थांबा, श्वास घेऊ."

रिकाम्या जागेवर फरशीचा चौकोन निघाला, बाकीच्यापेक्षा उजळ. फुलदाणी सध्या जमिनीवर.

मंगळवार, ११ मार्च

आज लवकर सुटलो. बाजाराच्या मागच्या गल्लीत जुनी-नवी वाद्यं विकणारं एक दुकान आहे. मालक माल आणायला गेला होता, गल्ल्यावर त्याची बायको. म्हणाली, "मला यातलं काही कळत नाही. किमती लिहिलेल्या आहेत. हवं ते लावून बघा."

याच्याइतकं चांगलं दुकान नाही!

म्हटलं, एक मदत कराल? मी वाजवत असताना माझ्याशी बोलत राहा. काहीही. नेहमीच्या आवाजात. आधी तिने मला नीट निरखून घेतलं. मग म्हणाली, "बोलायला काय, बोलते."

पहिला, शाळेच्या दप्तराएवढा. आतला स्पीकर बशीएवढा. वाजला बरा, पण खालचे सूर घुमत होते, आणि त्या बाईंचं निम्मं बोलणं बुडालं. त्यांच्या गच्चीवरच्या टाकीबद्दल काहीतरी चाललं होतं. दुसरा अगदी मुठीएवढा, पट्ट्याला अडकवायचा. तो रडका. तिसऱ्या दोन पेट्या, मुलाने सांगितलेल्या यंत्रासकट. आवाज सुरेख, पण किंमत बघून हात मागे घेतला, आणि इतक्या वायरी की हिने मला घराबाहेर काढलं असतं.

चौथा टेबलावर ठेवायचा. पावाच्या लादीएवढा, आडवा. आत दोन छोटे स्पीकर. एका बटणावर मोठ्या ॲम्पची नक्कल. कुणीतरी वापरून विकलेला, कोपरा घासलेला. आवाजाचं बटण फिरवलं — केसभर, मग अजून केसभर — आणि प्रत्येक केसाला थोडा थोडा वाढत गेला. मध्येच उडी नाही. थांबवला तिथे थांबला. आणि तिथे थांबूनही गरम वाटला. जाडसर. जसा तो मोठा रंगात आल्यावर बोलायचा, तसाच, पण शेजारच्या खोलीतून.

वाजवत राहिलो. बाई बोलत राहिल्या. टाकी गळते. प्लंबर उद्या येतो म्हणतो, येत नाही. काल आला तर पाना विसरला. परत गेला तो गेलाच. वरचे लोक म्हणतात तुमची टाकी, तुम्ही बघा —

सगळं ऐकू आलं. प्लंबरच्या पान्यासकट.

"हाच द्या," म्हटलं. मोठ्याच्या पैशात बसला. बाई म्हणाल्या, "थांबा की, टाकीचं पुढे सांगते." मी थांबलो. ऐकलं.

बुधवार, १२ मार्च

मुलाने फोनवरून सांगितलं, जमिनीवर ठेवू नका, कानाच्या उंचीला ठेवा, म्हणजे कमी आवाजातही नीट ऐकू येईल. पुस्तकांच्या फळीवर जागा केली. खाली जुनी योगाची चटई कापून घातली.

कानातल्या शिट्टीचं विसरलो. म्हणजे ती होती, पण जाऊन कोपऱ्यात बसली.

शनिवार, १५ मार्च

खालून ठोकलं! काठीने, छताला.

खाली निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. पार्टीच्या दिवसांत कधी तक्रार नाही, आणि आता? इतका जीव मुठीत धरून वाजवतोय, तरी? मन खट्टू झालं. म्हटलं, संपलं. खाली जाऊन माफी मागितली. आवाज अजून कमी करतो म्हणालो.

"कसला आवाज?" त्या म्हणाल्या. "मला गिटार-बिटार काही ऐकू येत नाही. तुम्ही पाय आपटताय!"

खरंच की. ताल धरायला टाच आपटायची सवय. भूकंपशेजारी उभं राहून कुणाला ती ऐकू आली असती? बाई म्हणाल्या, "तासाभरात किती वेळा आपटता याला काही सुमार? आणि मध्ये मध्ये चुकता."

चुकतो म्हणाल्या. वर येऊन हिला सांगितलं तर ही भिंतीला टेकून हसली.

रविवार, १६ मार्च

पायाखाली उशी. वर जाड मोजे. मुख्याध्यापिका जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "आज ठीक होतं."

पहिल्यांदाच कुणीतरी मला पास केलं.

शनिवार, २२ मार्च

दार वाजलं. भूकंप. यावेळी द्राक्षं नाहीत.

आत येऊन उभा. ॲम्पच्या जागचा उजळ चौकोन बघितला. "विकलास?"

"विकला."

"मला सांगितलं असतंस. मी घेतला असता." मग चप्पल काढून बसला. "त्या दिवशीचा तो गिटारवाला. दोन गाणी चुकीच्या पट्टीत. मी नुसता तुला शिव्या देत होतो, ड्रम वाजवता वाजवता. मग घरी गेलो आणि माझ्याही कानात शिट्टी. आधीपासूनच होती असणार. मी लक्षच दिलं नव्हतं."

मी त्याला डॉक्टरीणबाईंचा नंबर लिहून दिला. त्याने न बघता खिशात घातला. जाईल असं वाटतं.

मग म्हणाला, दाखव तुझं खेळणं. लावलं. वाजवलं. तो सोफ्यावर पुढे सरकून बसला, मांडीवर उशी घेतली आणि दोन बोटांनी तिच्यावर ताल धरला. इतका हळू ताल मी त्याच्याकडून आयुष्यात ऐकला नव्हता. चार-पाच गाणी झाली. मध्ये बोलणंही चाललं होतं — त्याच्या मेव्हण्याचं, भाड्याचं, कुणाकुणाचं. वाजवता वाजवता गप्पा! पार्टीत आम्हाला हे कधी जमलंच नव्हतं. कार्यक्रमात फक्त खुणा, आणि कार्यक्रमानंतर दोघंही बहिरे.

जाताना म्हणाला, "पुढच्या शनिवारी येऊ का?" मी म्हटलं, येताना उशी आण.

बुधवार, २६ मार्च

ही चटईवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मी जुनंच एक गाणं वाजवत होतो, लग्नाच्याही आधीपासूनचं. मध्येच म्हणाली, "तिथे ती एक तार दोनदा का वाजवता?"

हात थांबला. "कुठे?"

"आत्ता. वळताना. एकदा जोरात, आणि मग अगदी हलकं. दुसरं ऐकूच येऊ नये असं."

ते मी मुद्दाम करतो. पार पहिल्या वर्षापासून. पार्टीत कुणाला कधी कळलं नाही, कळणं शक्यच नव्हतं. मलाही ते फक्त बोटांना माहीत होतं.

परत वाजवून दाखवलं. हिने टॉवेल मांडीवर ठेवून ऐकलं. "हं. तेच." आणि घडी पुढे चालू.

माझ्या वाजवण्याबद्दल हिने विचारलेला पहिला प्रश्न असेल. किंवा आधीही विचारले असतील, मला ऐकू आले नसतील.

शनिवार, २९ मार्च

भूकंप उशी घेऊन आला. फुलाफुलांची.

रविवार, ३० मार्च

दुपारी ही म्हणाली, "द्या बघू जरा इकडे." गिटार दिली. हिने उलटी धरली. मी सरळ करून दिली. हिने परत उलटी केली. पुन्हा सरळ करायला गेलो, तर म्हणाली, "अहो, मी डावखुरी आहे."

सव्वीस वर्षं एका घरात.

संध्याकाळी सगळ्या तारा काढल्या. वरची, तारांच्या खाचांची पट्टी उलटी फिरवून बसवली. तारा उलट्या क्रमाने चढवल्या, सुरात लावल्या. हिला पहिला सूर दाखवला. बोट दुखतं म्हणाली, आणि सोडेना.

आता ती गिटार माझ्या हातात बसत नाही. मला दुसरी बघायला हवी.